श्रावणात लावलेला कौल

अन्याय झाला तो माझ्या ताईवर आणि आमच्या आईवर. कधी झाला तेही सांगते. गेल्या वर्षीच्या श्रावणातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळचा चहा झाल्यापासून दुपारची पानं वाढेपर्यंत. तेवढ्या वेळात मुलुंड आणि नाहूरच्या मधल्या आमच्या दोन चाळींनी हसत-खिदळत, एकमेकींना डोळे मारत, स्वतःच्याच बाजाराविरुद्ध साक्ष दिली. साक्ष लिहून घेत होती माझी ताई. लोकांना पढवून तयार केलं होतं माझ्या आईने. आणि ज्याला ही साक्ष हवी होती तो तिथे नव्हताच. त्याला आमच्या गल्लीत पाय टाकायची गरजच उरली नव्हती.

मी ज्या संघटनेत काम करते तिथे मला पत्रक लिहायला शिकवलं तेव्हा पहिला धडा हाच होता. अन्याय कुणावर झाला ते आधी लिही, कधी झाला ते लिही, रडगाणं नंतर. मी तशी पत्रकं भरपूर लिहिली. पाण्यावर लिहिली, बंद पडलेल्या दवाखान्यावर लिहिली, देवनारच्या कचराडेपोच्या धुरावर लिहिली. घरातल्या या गोष्टीवर मात्र पत्रक जमेना. दोन ओळी झाल्या की उठायचं, गॅलरीत जायचं, परत येऊन त्या दोन ओळी खोडायच्या. पत्रकात एक बाजू आपली असते आणि एक त्यांची. इथे आपल्याच बाजूला इतका गुंता होता की बोट कुणाकडे दाखवू? म्हणून हे लांबण लावतेय.

आधी बाजार सांगते. आमच्या चाळी एका जुन्या कारखान्याच्या जागेवर आहेत. कारखाना बंद पडून जमाना झाला. त्याच्या भिंतीला लागून पत्र्याखाली सिमेंटचे ओटे आहेत, तो आमचा बाजार. भाजीवाल्या, मासेवाल्या, एक नारळवाला, आणि कोपऱ्यात माझी आई. ती सुकी मासळी विकते. सुकट, बोंबील, सोडे. श्रावणात आमच्याकडची बहुतेक घरं मासळी बंद करतात, तेव्हा ती टोपल्या मागे सारते आणि पुढे कोकम, तिरफळं, कुळथाचं पीठ मांडते. आम्ही दोघी बहिणी त्या ओट्यावर वाढलो. शाळेत मुली नाक दाबायच्या. ताई त्यांना मारायची, मी त्यांच्यावर कविता करायचे. तेव्हापासूनच आमचे रस्ते ठरलेले असणार.

आता ही सगळी जागा एका बिल्डरने घेतली आहे. चाळींच्या जागी टॉवर होणार, आम्हाला त्यात घरं मिळणार. आधीच्या नकाशात तळमजल्यावर बाजार होता, प्रत्येक ओटेवालीला ओटा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं भांडण त्या ओट्याचं आहे. आई म्हणायची, "घर तुमच्या बापसाच्या नावान मिळतला. ओटो माझ्या नावान."

मग बिल्डरची माणसं फिरायला लागली. गळ्यात पट्टा, हातात टॅब. "एक छोटासा सर्व्हे आहे, काकी." आमच्या चाळीत एकीनेही दार धड उघडलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर त्यांना विचारलं, "सर्व्हे घराचा करता का घरातल्यांचा?" आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत दार लावून घेतलं. दोन-तीन फेऱ्या मारून ती माणसं यायची बंद झाली. आम्हाला वाटलं, जिंकलो. मी तर त्यावर एक पत्रकही काढलं. झकास झालं होतं. आता वाचवत नाही.

ताई मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. बी.कॉम. झाल्यापासून लोकांच्या हातात त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट देते. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "माझ्या हातातून सगळ्यांचं काय होणार ते जातं. पाकीट बंद असतं पण." त्यानंतर ती ऑनलाइन कोर्स शोधायला लागली.

तेव्हा आमच्या भागात शेअर बाजाराच्या कोर्सची साथ आली होती. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर भाव दाखवणाऱ्या हिरव्या-लाल मेणबत्त्या. ताईनेही एक फुकटचा वर्ग ऐकला. दोन स्क्रीनच्या मधे बसलेला एक माणूस घसा फोडून सांगत होता की हा भाव इथून वर जाणारच होता. मी बाजूला पोळ्या लाटत होते. ताईने मोबाइल बंद केला आणि म्हणाली, "हा सगळं होऊन गेल्यावर सांगतो की होणारच होतं. एवढं तर आपले शेजारी पण सांगतात."

तिने दुसरा कोर्स घेतला. बाजार संशोधन आणि अंदाजशास्त्र. लोकांना नीट प्रश्न विचारायचे, उत्तरं मांडायची आणि पुढे काय होईल ते सांगायचं. लॅबमधून आली की ओट्यामागे उलट्या क्रेटवर बसून ती वर्ग ऐकायची. हळूहळू ते शब्द घरात शिरले. आईने आमटी चाखायला सांगितली तर ताई म्हणायची, "सँपल लहान आहे, अजून एक वाटी दे." मी मोर्च्याला किती लोक होते ते सांगायला लागले की तिचं ठरलेलं, "तू बायस्ड आहेस गं." मी चिडायचे. खरं तर मला बरं वाटायचं. ताई पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी शिकत होती.

आईने एकदा विचारलं, "पण ता करतस काय तू नेमका?"

ताईने समजावलं. लोकांना विचारायचं, त्यावरून पुढचं ओळखायचं.

"म्हणजे कौल लावतत तसा?"

ज्यांना कोकणातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावी देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली तर लोक उठून घरी जात नाहीत. प्रश्न जरा वळवून परत विचारतात. उजवा कौल पडल्याशिवाय कुणाचं मन मानत नाही.

"तसंच समज," ताई हसून म्हणाली. हे तिने म्हणायला नको होतं, असं मी मागून शंभरदा म्हटलं असेल. पण आईला समजेल असं दुसरं काय सांगणार होती ती?

कोर्सच्या शेवटी प्रत्यक्ष काम होतं. विषय आणि प्रश्न तयार होऊनच आले, एका अ‍ॅपमध्ये. 'रहिवाशांच्या खरेदीच्या सवयी.' सूचना अशी की आपल्याच वस्तीत करा. शिकवणाऱ्या मेंटॉरने व्हिडिओवर सांगितलं, तिथे लोक तुम्हाला ओळखतात, दार उघडतात.

दार उघडतात. हे दोन शब्द मी तेव्हा ऐकले होते. भाजी निवडत होते, ऐकले आणि सोडून दिले.

काम द्यायची मुदत श्रावणातच संपत होती. ताईने तिसरा रविवार ठरवला. आणि शनिवारी संध्याकाळी आमची आई ओटा आवरून जी निघाली ती दोन्ही चाळींच्या सगळ्या मजल्यांवर फिरून आली. मी सभेला गेले होते. मला हे दुसऱ्या दिवशी, ताईबरोबर पहिल्याच दारात उभी राहिले तेव्हा कळलं.

पहिलं दार खालच्या काकांचं. तेच, ज्यांनी बिल्डरच्या माणसाच्या तोंडावर दार लावलं होतं. या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते.

"भाजी कुठून घेता, काका?"

"ऑनलाइन," काका म्हणाले.

आतून काकू भांडी आपटत ओरडल्या, "ऑनलाइन? कालची मेथी काय फोनमधून उगवली?"

"तू गप गं. पोरीची परीक्षा आहे." आणि ताईकडे वळून हळूच, "बरोबर ना? तुझी आई सांगून गेली, जरा चांगली उत्तरं द्या म्हणून."

ताईने हात जोडले. काका, खरं सांगा. काका म्हणाले, खरंच सांगतोय, लिही तू.

सगळीकडे तेच. लोकांचे पगार वाढले. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांना पार्किंग हवं झालं. वातानुकूलित दुकानात जाल का, या प्रश्नाला माणसं अशी "हो" म्हणत होती जसं काही ताईला सासरी जाताना आशीर्वाद देतायत. गेल्या सात दिवसांत मासळी किती वेळा घेतली? एकदाही नाही. ते मात्र खरं होतं, श्रावण होता. अ‍ॅपला श्रावण माहीत नव्हता.

शेवटच्या खोलीतली मावशी बौद्ध. ती श्रावण पाळत नाही. उलट याच दिवसांत मासळी स्वस्त होते म्हणून बाजारात तिचीच चैन असते. मला वाटलं, निदान इथे तरी बरोबर लिहिलं जाईल. मावशीने आम्हाला चहा दिला आणि ताईला विचारलं, "कुठल्या उत्तराला जास्त मार्क आहेत ते सांग. मी तेच देते."

"मावशी, खरं उत्तर द्या."

"खऱ्याला किती मार्क?"

"तसं नसतं हो मावशी त्यात."

"असं कसं? माझ्या पोराच्या परीक्षेला तुझ्या आईने उपास धरला होता. मी काय एक उत्तर देऊ शकत नाही? लिही, मासळी मॉलमधून आणते. डब्यातली."

मी हसले. खोटं कशाला बोलू, आम्ही दोघी जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

सगळ्यात शेवटी आमचंच घर. आई लुगडं सारखं करून, पाटावर बसावं तशी खुर्चीवर बसली.

"व्यवसाय?" ताईने विचारलं.

"गृहिणी."

"आई!"

"गृहिणी लिव म्हणतंय ना. सगळ्यांनी ताच लिवल्यानी. भाजीवाल्या वैनीन पण."

ते खरं होतं. एकूण एक ओटेवाली त्या दिवशी गृहिणी झाली होती. पोरीच्या परीक्षेच्या कागदावर आपली टोपली कशाला, म्हणून. ताईने खूप विनवलं. आई म्हणाली, "तुझो कौल उजवो पडूक व्हयो. बाकी माका काय एक कळणा नाय." आणि उठून पानं वाढायला गेली.

ताई मूर्ख नाही. तिला कळत होतं की हे सगळं निकामी आहे. तिने अहवालाच्या शेवटी टिपण जोडलं. उत्तरं देणारे मला ओळखतात, मला मदत करायला त्यांनी उत्तरं फुगवली आहेत. महिना श्रावणाचा आहे, मासळीचे आकडे धरू नयेत. काम परत करायला हवं. मेंटॉरने व्हिडिओवर ते वाचलं आणि म्हणाला, "टिपणामुळे रिपोर्ट कमजोर दिसतो. काढून टाका. आकडे बघा किती स्वच्छ आलेत." तिने विचारलं, सर, पण हे फक्त सरावासाठी आहे ना? "ऑफकोर्स," तो म्हणाला. मी मागे उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

ताईला विशेष श्रेणी मिळाली. आईने ओट्यावर पेढे वाटले. सर्टिफिकेटला लॅमिनेशन करून ते देव्हाऱ्याच्या बाजूला खिळ्याला टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. "माझ्या पोरीन कौल लावलेलो."

होळी झाल्यावर बिल्डरने बालवाडीच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. नकाशात थोडा बदल आहे, म्हणाले. पडद्यावर चित्रं, रंगीत चार्ट यायला लागले. सुटातला सल्लागार सांगत होता की एका स्वतंत्र संस्थेने याच वस्तीत अभ्यास केला आहे. रहिवासी आता उघड्या बाजारातून खरेदी करत नाहीत. मासळीची मागणी जवळजवळ नाही. उपजीविकेसाठी बाजारावर अवलंबून असलेली एकही व्यक्ती पाहणीत आढळली नाही. त्यामुळे तळमजल्यावर ओट्यांऐवजी एक मोठं दुकान आणि पार्किंग.

हॉलमध्ये ओटेवाल्या बसल्या होत्या. पहिल्या दोन रांगा भरून. त्यांच्या अंगाला मासळीचा, कोथिंबिरीचा वास येत होता आणि पडद्यावर लिहिलं होतं की त्या नाहीत.

मी उठून ओरडणार तेवढ्यात ताईने माझा हात धरला. "तो जांभळा रंग मी टाकलाय," ती म्हणाली. "तो चार्ट माझा आहे."

आई आमच्या मागेच होती. तिला फक्त शेवटचं ऐकू आलं. "तुझो?" ती खुश होऊन म्हणाली, "मगे बराच आसतला."

त्यानंतर किती दिवस कुणालाच धड झोप नव्हती. मी घाटकोपरहून मेट्रो पकडून ताईला घेऊन अंधेरीला त्या कोर्सवाल्यांच्या ऑफिसात गेले. काचेची इमारत, भिंतीवर 'प्रश्न विचारा' असं मोठ्या अक्षरात रंगवलेलं. आम्ही विचारायलाच गेलो होतो. एक मुलगा समोर आला, आमच्याच वयाचा, बोरिवलीचा, मराठी. पाणी दिलं, नीट बोलला. नीट बोलणाऱ्यावर ओरडता येत नाही, हा मोठाच वैताग असतो.

"मॅडम, विद्यार्थ्यांचं काम संस्थेचं असतं," तो म्हणाला. "सुरुवातीला तुम्ही 'सहमत आहे' दाबलंय. आमचा रिसर्चचा विभाग वेगळा आहे, त्यांनी कुणाला काय दिलं मला सांगता येणार नाही."

मी म्हटलं, "बिल्डरच्या माणसांना आमच्या चाळीने दार उघडलं नाही. म्हणून तुम्ही आमच्या घरातली मुलगी पाठवलीत. तिच्याकडून तुमची फी घेऊन. वर तिला शाबासकी देऊन."

"तसं काही ठरवून नव्हतं हो."

"ठरवलं नव्हतं तर आता ठरवा. हा रिपोर्ट चुकीचा आहे असं लिहून द्या."

तो ताईकडे वळला. "चुकीचा म्हणजे? आकडे तर लोकांनी दिलेत. तुमचे लोक खोटं बोलले, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

ताई उठली. मीही उठले. मला, जिला माइक दिला तर काढून घ्यावा लागतो, मला शब्द सुचेनात. मेट्रोच्या जिन्यावर येईपर्यंत सुचेनात. तिथे मात्र एवढे सुचले की ताई म्हणाली, "आता कुणाला ऐकवतेस? पुढे बघून चढ."

ते ठरवून होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. आणि मला त्याने फरक पडत नाही. दरोडेखोर विचारपूर्वक आला की वाट चुकून, घर रिकामं व्हायचं ते झालंच.

घरी येऊन मी पत्रक लिहायला घेतलं. पहिली ओळ, 'हा सर्व्हे खोटा आहे.' आई लसूण सोलत होती. म्हणाली, "वाचून दाखव."

मी वाचलं.

"थांब. कोणाचो सर्व्हे?"

"बिल्डरने दाखवला तो."

"तो माझ्या पोरीचो आसा. तू चाळीत कागद वाटतलस की माझ्या पोरीन खोटा लिवल्यान?"

"तिने नाही गं, तुम्ही सगळ्यांनी खोटं सांगितलंत!"

"मगे आमच्या सगळ्यांची नावां घाल. काकांचा घाल. त्या मावशीचा घाल. तिनां माझ्या पोरीसाठी सांगितल्यान म्हणून तिका उघडी पाड." लसणाची परडी तिने बाजूला ठेवली. "ओटो गेलो तर जावंदे. पोरीचा नाव जावक नको."

मी भडकले. तिला नाही नाही ते बोलले. तुझ्या भोळेपणापायी बाजार चालला, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "तुका लोकांच्या आयशींसाठी भांडता येता." आणि परत लसूण घेतला.

आता सांगा, याचं पत्रक कसं करायचं? ओटा वाचवायचा तर भर चौकात सांगायला हवं की ताईचं काम फुकट आहे आणि चाळ खोटं बोलली. ते नाही सांगितलं तर ओटा गेला. आणि ज्या बाईचा ओटा जाणार तीच दारात आडवी. मी आठवडाभर घरात फेऱ्या मारल्या. बाबा म्हणाले, फरशी झिजेल, टॉवर होईपर्यंत तरी टिकू दे.

वाट ताईने काढली. मला न विचारता. एका रविवारी सकाळी मी आईचा डबा घेऊन बाजारात गेले तर ताई ओट्यासमोर उभी. गिऱ्हाइकाच्या जागेवर. हातात साधी वही-पेन. अ‍ॅप नाही, तयार प्रश्न नाहीत. वैशाख होता, बाजार फुललेला, पावसाळ्याच्या बेगमीसाठी बायका सुके बोंबील निवडत होत्या.

"आई, व्यवसाय?"

आईने इकडे-तिकडे बघितलं. "गो, लोकां आसत."

"असू देत. मी गेल्या वेळी चुकीच्या ठिकाणी विचारलं. घरात विचारलं, ते पण श्रावणात. माझं चुकलं ते मलाच दुरुस्त करायचंय, कोर्समध्ये हेच शिकवलं होतं. सांग. व्यवसाय?"

मला वाटलं, आता ही पुन्हा गृहिणी म्हणणार. आईने हात पदराला पुसले. एका गिऱ्हाइकाला सोडे बांधून दिले. दुसरीला थांब म्हणाली. मग ताईकडे न बघता, टोपलीकडे बघत म्हणाली, "सुक्या मासळीचो धंदो. लिव. तुझ्या जन्माच्या आधीपासून."

ताईने लिहिलं. लगेच बाजूच्या ओट्यावरून भाजीवाली वहिनी ओरडली, "माझं पण बदल गं! गृहिणी काय, घरी असते कधी मी?" आणि मावशी, शेवटच्या खोलीतली, पापलेट हातात धरून रांगेत पुढे आली.

"या वेळी खऱ्याला किती मार्क?"

"या वेळी सगळेच मार्क खऱ्याला, मावशी."

"मग लिही. आठवड्यातून चारदा. श्रावणात पाच."

खालचे काका शर्टाला इस्त्री न करता आले. ऑनलाइन मेथीची गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली, काकूंच्या भांड्यांच्या आवाजासकट. कुणीही उघडं पडलं नाही. म्हणजे पडलेच, पण आपापल्या पायांनी चालत येऊन पडले. ताईचं सर्टिफिकेट अजून देव्हाऱ्याच्या बाजूलाच आहे. ते काढायचा विषय मी काढत नाही.

आता उरलेलं. ताईची नवीन पाहणी आम्ही बिल्डरकडे हरकत म्हणून दिली. सल्लागाराने ती चाळली आणि म्हणाला, "हे तर ओटेवालेच ओट्याबद्दल बोलतायत. गिऱ्हाइकं कुठायत?" आणि सुनावणी ठेवली श्रावणात. बरोबर श्रावणात. माझी चिडचिड जात नाहीये. सकाळी उठते तीच दात-ओठ खात. ताई म्हणते, चिडून सँपल वाढत नाही.

म्हणून तुम्ही. होय, तुम्ही, हे वाचणारे. मुलुंडच्या टॉवरमधून चालत येता, नाहूरच्या पुलावरून स्कूटर उतरवता, आईला नावाने नाही पण "सुकटवाल्या मावशी" म्हणून ओळखता, सोडे वास घेऊन निवडता, आणि कुणी टॅब पुढे केला की सांगता, आम्ही सगळं घरपोच मागवतो. चांगलं दिसतं म्हणून सांगता. आमच्या काकांनीही तसंच सांगितलं होतं.

पुढच्या वेळी कुणी प्रश्न घेऊन दारात आलं, अगदी शेजारची लाडकी पोर आली, तरी आधी तिला विचारा की हे उत्तर कुणाच्या हातात जाणार आहे. आणि त्याच्याही आधी एक काम करा. श्रावण लागायच्या आत कुठल्याही रविवारी सकाळी बाजारात या. माझी ताई वही घेऊन आईच्या ओट्यासमोर उभी असते. गेल्या आठवड्यात भाजी कुठून घेतली, मासळी कुठून घेतली, एवढंच ती विचारेल. चांगलं उत्तर घरी ठेवून या. खरं तेवढं तिला सांगा, आणि खाली तुमची सही करा.